पैलतीरच्या प्रजासत्ताकात : उझुपिसला नव्याने येणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी पासपोर्ट पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाका आणि चेन लावा.

उझुपिस या स्वयंघोषित ‘देशा’त आलेला नवखा माणूस पहिल्या दहा मिनिटांत विचारतोच, ‘इथला शिक्का कुठे मारून मिळतो?’ मिळतो. माहिती केंद्राच्या दुकानात मिळतो आणि १ एप्रिलला तर पुलावर ‘सीमारक्षक’ स्वतःच शिक्का घेऊन उभे असतात. दिसतोही झकास. पण ज्या देशाला जगात कुणाचीच मान्यता नाही त्याचा शिक्का भारतीय पासपोर्टवर उमटवून घेणं म्हणजे पुढच्या व्हिसाच्या खिडकीत खुलासे देत उभं राहण्याची तयारी ठेवणं. शिक्का वहीत घ्या, पोस्टकार्डावर घ्या. तळहातावर घेतलात तर उत्तमच, कारण इथल्या झेंड्यावर तळहातच आहे. आरपार भोक असलेला तळहात. या हातात काही टिकत नाही, म्हणून लाच घेता येत नाही, असा त्याचा अर्थ इथले लोक सांगतात. झेंड्याचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो : हिवाळ्यात निळा, वसंतात हिरवा, उन्हाळ्यात पिवळा, पानगळीत लाल.

लिथुआनियाची राजधानी विल्नियस. तिच्या जुन्या शहराला लागून विल्नेले नावाची छोटी, खळाळती नदी वळण घेते आणि त्या वळणापलीकडे उझुपिस वसलेलं आहे. चौरस किलोमीटरसुद्धा न भरणारी वस्ती, माणसं साधारण ७ हजार. १ एप्रिल १९९७ रोजी इथल्या कलावंतांनी स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. राष्ट्राध्यक्ष नेमला, परराष्ट्रमंत्री नेमला, संविधान लिहिलं, डझनभर माणसांचं सैन्यही एके काळी होतं. मी या गावात काही हिवाळे काढले आहेत. नवीन येणारे कुठे अडखळतात ते पाहून हे लिहिते आहे.

पायरी १ : खेळ कुठे संपतो ते आधी शिका

उझुपिस हा खेळ आहे आणि तो खेळणारे लोक अत्यंत गंभीर आहेत. या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवता आल्या तर तुमचं इथे छान जमेल.

खरं काय ते सांगते. व्हिसा शेंगेनचा, लिथुआनियाने दिलेला. चलन युरो. पोलीस, कर, कचरा, पाणी सगळं विल्नियस शहराचं. शिकायला किंवा नोकरीला येणार असाल तर निवास परवाना लिथुआनियाच्या स्थलांतर खात्याकडून घ्यायचा आणि राहायचा पत्ता रीतसर नोंदवायचा. उझुपिसचा कुठलाही कागद तिथे दाखवू नका. खिडकीतली बाई हसेलही, पण काम होणार नाही.

‘प्रत्येकाला आळशी असण्याचा हक्क आहे’ असं इथल्या संविधानात आहे. म्हणून नदीकाठी बिअरची बाटली उघडून बसलात तर दंड होईल, कारण लिथुआनियात सार्वजनिक जागी दारू पिण्यास बंदी आहे. विशी पूर्ण झाल्याशिवाय दारू विकत मिळत नाही. दुकानातली विक्री रात्री ८ वाजता बंद होते आणि रविवारी तर दुपारीच. दुसरी एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला माहीत नसते. अंधारात बिनदिव्याच्या रस्त्यावर चालताना कपड्यांवर परावर्तक, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारी पट्टी, लावणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याला ‘आत्श्वाइतास’ म्हणतात. युरो-दोन युरोत लटकन मिळतं, कोटाच्या खिशाला पिनेने अडकवून द्या.

आता खेळाबद्दल. हे सगळं पोरकट आहे असं कुणाला वाटलं तर त्याने तारखा बघाव्यात. लिथुआनियाने सोव्हिएत संघातून स्वातंत्र्य जाहीर केलं ११ मार्च १९९० रोजी. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री विल्नियसच्या टीव्ही टॉवरसमोर रणगाडे आले आणि निःशस्त्र माणसांनी त्यांच्यापुढे उभं राहून जीव दिले. १४ जण गेले. शेवटचं रशियन सैन्य देश सोडून गेलं ते १९९३ च्या ऑगस्टअखेर. त्यानंतर चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हा याच शहरातल्या माणसांनी एक खेळण्यातला देश काढला आणि त्यासाठी तारीख निवडली एप्रिल फूलची. ज्यांना खरा देश मिळवायला काय पडतं ते ठाऊक होतं, त्यांनी काढलेला हा देश आहे. म्हणून ‘सैन्य कुठे आहे तुमचं?’ असं खिदळत विचारू नका. गंभीर चेहऱ्याने विचारा. उत्तरही तितक्याच गंभीर चेहऱ्याने मिळेल.

पायरी २ : पायी या आणि पुलावरून या

भारतातून विल्नियसला थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावं लागतं. विमानतळ शहरापासून अगदी जवळ आहे. आगगाडी किंवा बस शहराच्या स्टेशनवर सोडते. तिथून टॅक्सी करू नका. ‘आउश्रोस वार्ताइ’, म्हणजे पहाटेचा दरवाजा, या जुन्या वेशीतून आत शिरा आणि उताराने चालत राहा. वीस-पंचवीस मिनिटांत नदीकाठचं पांढरं ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल दिसेल. त्याच्या बाजूलाच पूल आहे.

पुलाशी एक फलक आहे. त्यावर प्रजासत्ताकाचं नाव आणि खाली वाहतुकीच्या खुणांसारखी चार चित्रं : हसरा चेहरा, २० किलोमीटरची वेगमर्यादा, मोनालिसा आणि पाण्यात कोसळणारी गाडी. म्हणजे हसत या, सावकाश या, कलेचा मान राखा आणि गाडी नदीत घालू नका. शेवटची सूचना तर अगदी व्यवहाराची आहे. आतले रस्ते अरुंद, चढाचे आणि गोट्यांचे, गाडी लावायला जागा नाही. पुलाचे कठडे कुलपांनी भरलेले दिसतील. लग्न झालेली जोडपी कुलूप लावून किल्ली पाण्यात टाकतात. लग्नाच्या शनिवारी पुलावर फोटो काढणाऱ्यांची दोन-तीन वऱ्हाडं एकदम भेटली तर बाजूने निघून जा, कुणाच्या फोटोत येऊ नका.

डावी-उजवीकडे नदीच्या भिंतीत नीट पाहा. एका कोनाड्यात कांस्याची छोटी जलपरी बसलेली आहे. तिच्या मोहात पडला तो उझुपिसमध्येच राहिला, असं म्हणतात. एका पुरात ती स्वतःच वाहून गेली होती, मग पुन्हा आणून बसवली. तिचा शिल्पकार रोमास विल्चियाउस्कास. चौकातल्या उंच खांबावरचा तुतारी फुंकणारा देवदूतही त्याचाच. तो २००२ च्या १ एप्रिलला बसवला. त्याच्या आधी त्या जागी काही काळ एक मोठं अंडं होतं. देवदूत त्यातून बाहेर आला असं समजायचं. अंडं आता शहराच्या दुसऱ्या भागात, पिलिमो रस्त्यावर आहे.

पुलाखाली दोरांवर टांगलेला झोकाही आहे. बसायचं असेल तर बूट भिजवायची तयारी ठेवा.

पायरी ३ : भिंतीसाठी वेगळा तास राखून ठेवा

पाउपियो रस्त्यावर एका भिंतीवर आरशासारख्या चकचकीत पाट्यांची रांग आहे. प्रत्येक पाटीवर एका भाषेत उझुपिसचं संविधान कोरलेलं आहे. भाषा चाळीसच्या वर गेल्या आहेत आणि अधूनमधून नवी पाटी बसते. देवनागरीतली पाटीही भिंतीवर सापडते. ती शोधताना आपलंच तोंड चाळीस वेळा दिसतं.

हे संविधान १९९८ साली राष्ट्राध्यक्ष रोमास लिलेइकिस आणि परराष्ट्रमंत्री तोमास चेपाइतिस या दोघांनी लिहिलं. लिलेइकिस कवी, संगीतकार आणि चित्रपट दिग्दर्शक. कलमं चाळीसेक. पहिलंच असं की प्रत्येकाला विल्नेलेकाठी राहण्याचा हक्क आहे आणि विल्नेलेला प्रत्येकाच्या जवळून वाहण्याचा. कुत्र्याला कुत्रा असण्याचा हक्क. मांजरावर मालकावर प्रेम करण्याचं बंधन नाही, पण अडीअडचणीला तिने धावून आलं पाहिजे. वाढदिवस साजरा करण्याचा हक्क आहे आणि न करण्याचाही. काही न समजण्याचाही हक्क आहे.

पर्यटक इथे हसतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही दुसऱ्या कलमाशी थांबा : प्रत्येकाला गरम पाण्याचा, हिवाळ्यात ऊब मिळण्याचा आणि कौलारू छपराचा हक्क आहे. हेही गमतीत लिहिलंय असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. मग पहिला जानेवारी आला. नव्वदच्या दशकात इथली कितीतरी घरं मोडकळीला आलेली होती, नळ नाहीत, ऊब नाही, छपरं गळकी. सोव्हिएत काळात या भागाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. जागा फुकटात किंवा कवडीमोलाने मिळते म्हणून कलावंत इथे शिरले. तेव्हा ते कलम कविता नव्हे. ते महानगरपालिकेला लिहिलेलं पत्र आहे.

पुणेरी पाटी काय करू नये ते सांगते. ही भिंत चाळीस वेळा ‘चालेल’ म्हणते. पण अगदी शेवटी तीन आज्ञा आहेत : कुणाला हरवू नकोस, बचाव करू नकोस, शरण जाऊ नकोस. लिथुआनियनमध्ये त्या एकेरीत आहेत, आणि मराठीतही ‘नका’पेक्षा ‘नकोस’च बरं वाटतं.

पायरी ४ : भाषेला घाबरू नका, पण फार फुशारूही नका

उझुपिसची वेगळी भाषा नाही. बोलतात ती लिथुआनियन. तरुण मंडळी इंग्रजी उत्तम बोलतात. साठीच्या पुढच्या लोकांना रशियन येते, मात्र संभाषणाची सुरुवात रशियनने करू नका. इतिहास अजून ओला आहे. दोन लिथुआनियन शब्द बोला, मग समोरचा सोयीची भाषा स्वतःच काढतो.

लिथुआनियन ही इंडो-युरोपीय कुळातल्या, आज बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये जुनी वळणं सर्वांत जास्त टिकवून धरलेली भाषा मानली जाते आणि संस्कृतशी तिचं नातं भाषाशास्त्रज्ञ दोनशे वर्षं सांगत आले आहेत. ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि दुकानात ऐकणं वेगळं. दिवसाला ‘दिएना’, स्वप्नाला ‘साप्नास’, धुराला ‘दूमाइ’, अग्नीला ‘उग्निस’, मुलाला ‘सूनुस’, पुरुषाला ‘वीरास’, हिवाळ्याला ‘झिएमा’, म्हणजे आपल्या हिम-हेमंताची बहीण. एकेरीला ‘तु’ आणि आदरार्थी ‘यूस’. आकडे तर म्हणूनच पाहा : दु, त्रीस, केतुरी, पेन्की, शेशी, सेप्तीनी, अश्तुओनी, देवीनी, देशिम्त. ‘अश्तुओनी’ ऐकून शाळेतलं ‘अष्टौ’ आठवतं. वस्तीच्या नावातच बघा : ‘उझ’ म्हणजे पलीकडे, ‘उपे’ म्हणजे नदी, आणि या ‘उपे’चं नातं ‘अप्’शी, म्हणजे पाण्याशी, जोडतात. उझुपिस म्हणजे सरळ पैलतीर.

इथली एक म्हण आहे : ‘दिएवास दावे दान्तिस, दिएवास दुओस इर दुओनोस’. देवाने दात दिले, देव भाकरीही देईल. आपल्याकडे ज्याने चोच दिली तो चाराही देतो, तेच. मी ती शेजारच्या आजीबाईंना म्हणून दाखवली तेव्हा त्यांनी आधी माझे उच्चार दुरुस्त केले, मग मला भाकरी दिली.

एवढं सापडलं की माणूस हरखतो आणि आपल्याला लिथुआनियन येते असं समजू लागतो. नाही येत. वेगाने बोललेलं वाक्य कानावरून निघून जातं. म्हणून नात्यागोत्याची मजा घरी घ्या आणि दुकानात हे वापरा : ‘लाबा दिएना’ म्हणजे नमस्कार. ‘प्रशाऊ’ म्हणजे कृपया, आपल्या ‘प्रश्न’चाच भाऊ. ‘ताइप’ हो, ‘ने’ नाही, ‘किएक’ किती. आणि आभारासाठी ‘आचू’. सर्दी झालेल्या दिवशी तुम्ही अख्ख्या बसचे आभार मानता.

विभक्ती सात आणि त्यात संबोधन आहे, ही मराठी माणसासाठी सोपी गोष्ट. तोमास असेल तर हाक मारताना ‘तोमाइ’, जसं आपल्याकडे रामला ‘रामा’. पुरुषाच्या नावामागे शेवटी ‘अस’ वगैरे लागल्याशिवाय त्यांच्या वाक्यात ते नाव चालतच नाही, म्हणून सचिनचा सचिनास होईल. वाईट वाटून घेऊ नका. स्मिता मात्र स्मिताच राहते. अनोळखी मोठ्या माणसाला पोनास, बाईला पोन्या म्हणा. एकेरीवर लगेच उतरू नका, ते तुम्हाला ‘तु’ म्हणेपर्यंत वाट पाहा.

याच गल्ल्यांत इतर भाषाही आहेत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे शहर पोलंडमध्ये होतं, आणि पोलिश लोक या भागाला आजही ‘झाझेचे’ म्हणतात. त्याचाही अर्थ नदीपलीकडे. उझुपियो रस्त्यावरच्या सेंट बार्थोलोम्यूच्या छोट्या चर्चमध्ये बेलारूसी भाषेत प्रार्थना होते. आणि एक भाषा जी इथे घरोघर होती ती आता ऐकू येत नाही : यिद्दिश. युद्धापूर्वी इथे ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येने होती. नाझींनी विल्नियसचे जवळजवळ सगळे ज्यू मारले. वस्तीच्या वरच्या अंगाला असलेली त्यांची दफनभूमी नंतर सोव्हिएत काळात मोडली आणि थडग्यांचे दगड शहरात बांधकामाला, पायऱ्यांना वापरले. तिथे आता परत मिळवलेल्या दगडांचं स्मारक आहे. त्या चढावर जाल तेव्हा दगडांवर बसून डबा खाऊ नका. मी काही जणांना खाताना पाहिलंय, त्यांना माहीत नव्हतं एवढंच.

पायरी ५ : जेवायला बसण्यापूर्वी दोन शब्द पाठ करा

‘बे मेसोस.’ मांसाशिवाय. ‘मेसा’ म्हणजे मांस, आणि ‘बे’ म्हणजे विना. आपल्या बेरोजगार, बेशिस्तमधला ‘बे’ फारसीतून आला, त्याचा याच्याशी संबंध नाही, पण पाठ व्हायला मदत होते.

हे शब्द मला उशिरा कळले. पहिल्याच आठवड्यात एका खानावळीत बटाट्याचा पदार्थ आहे म्हणून ‘त्सेपेलिनाइ’ मागवलं. किसलेल्या कच्च्या बटाट्याचा, वितीएवढा लांबोडा गोळा, ‘झेपेलिन’ या जुन्या, फुग्यासारख्या हवाई जहाजाच्या आकाराचा, नावही त्यावरूनच. वरून आंबट साय. वाटलं, झालं, आपलंच काहीतरी. सुरी लावली तर आत डुकराचा खिमा आणि सायीखाली तळलेल्या चरबीचे तुकडे. आमच्या घरात तीन पिढ्या अंडंही नव्हतं. मी बटाट्याची कड खाल्ली, पैसे दिले आणि बाहेर आले.

हाच गोळा ‘सु वार्श्के’ म्हणून मागितला तर आत छेन्यासारखं ताजं चीज असतं. तरी ‘वर चरबीचे तुकडे नकोत’ हेही सांगावं लागतं, नाहीतर ते वरून भुरभुरतातच. आपण कोथिंबीर घालतो तितक्या सहज.

खरी कोथिंबीर मात्र इथे शेपू आहे. बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू, सूपवर शेपू. ज्यांच्या घरी शेपूच्या भाजीवरून भांडणं होतात त्यांनी आधीच विचार करावा. उन्हाळ्यात ‘शाल्तिबार्श्चियाइ’ नक्की घ्या : ताकासारख्या केफिरमध्ये बीट, काकडी, उकडलेलं अंडं आणि अर्थात शेपू. रंग रंगपंचमीचा गुलाबी, चव थंडगार, सोबत वेगळ्या ताटलीत गरम बटाटे. अंडं नको असेल तर ‘बे क्याउशिन्यो’. बटाट्याचे ‘ब्लीनाइ’ म्हणजे जवळपास बटाट्याचं थालीपीठ. काळ्या राय-पावाच्या तळलेल्या, लसूण चोळलेल्या पट्ट्या मिळतात, त्या ‘केप्ता दुओना’. एकदा खाल्ल्या की बाकी काही मागवलं जात नाही.

पुलाजवळच्या उझुपियो काविने या कॅफेला इथली संसद म्हणतात. तिथे बसून कॉफी घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. शेजारच्या टेबलावर मंत्रिमंडळ बसलं आहे की नुसतेच मित्र, ते बाहेरच्याला कळत नाही.

पायरी ६ : घर बघताना

तुम्ही ज्या फाटक्या, स्वस्त, कलंदर उझुपिसच्या गोष्टी ऐकून आलात ते आता फारसं उरलेलं नाही. ज्या घरांना छप्पर नव्हतं ती आता शहरातल्या महागड्या घरांत मोडतात. चित्रकारांनी जागा नावारूपाला आणली आणि मग भाडं चित्रकारांना परवडेना. काही अजून आहेत. नदीकाठच्या ‘मेनो इन्कुबातोरियुस’ या कलाकेंद्रात डोकावलात तर कामाचा रंग आणि टर्पेंटाइनचा वास दोन्ही सापडतील. पण विद्यार्थ्याने इथे खोली शोधण्यात वेळ घालवू नये. नदीच्या दुसऱ्या अंगाला किंवा बसच्या टप्प्यात शोधा आणि इथे फिरायला या.

तरीही घर बघायला आलात तर मालकाला पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका, ‘शिल्दिमास’चा विचारा. शिल्दिमास म्हणजे घर गरम ठेवण्याची सोय. शहराच्या मध्यवर्ती नळांतून ऊब येत असेल तर ती कधी सुरू होणार ते तुमच्या हातात नसतं. बाहेरचं सरासरी तापमान सलग तीन दिवस १० अंशांखाली गेलं की तो हंगाम सुरू होतो. ऑक्टोबरात एक-दोन आठवडे असे जातात की घरात स्वेटर, मोजे आणि चहा. जुन्या घरात भट्टी असेल तर लाकडं कोण आणणार आणि कुठे ठेवायची हेही विचारा. मागच्या जानेवारीचं बिल बघायला मागा. बिल दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या एका घरमालकाकडे मी एक हिवाळा राहिले आहे. तुम्ही राहू नका.

रस्त्यावरून घर दिसतं तेवढंच नसतं. कमानीतून आत चौक, त्यामागे दुसरी कमान आणि आणखी एक चौक, आपल्या वाड्यांसारखं. उघड्या चौकात जायला हरकत नसते, पण बंद फाटक ढकलू नका आणि खिडक्यांचे फोटो काढू नका. आत लोक स्वयंपाक करत असतात.

कुणी घरी बोलावलं तर चार गोष्टी. बूट दाराशी काढा, हे सांगायला नको. सपाता ते देतील. फुलं न्या, पण विषम संख्येत, कारण सम संख्येची फुलं मयताला नेतात. आणि उंबरठ्यावरून हात मिळवू नका, की काही देऊ-घेऊ नका. आत या, मग ‘लाबा दिएना’. हे मला कुणी शिकवावं लागलंच नाही. उंबऱ्यावरून घेतलेल्या वाटीबद्दल आजीच्या हातचा धपाटा अजून आठवतो. चौथी गोष्ट : घरात शीळ घालू नका.

गोट्यांच्या रस्त्यावर बर्फ गोठला की चांगल्या तळाचे बूट हवेत. भारतातून बूट आणू नका, इथेच घ्या. कोपर फुटल्यावर मला ही अक्कल आली.

पायरी ७ : यायचं कधी

१ एप्रिलला सगळे येतात. पुलावर पहारा, शिक्के, भाषणं, मिरवणूक, चौकातल्या नळातून पाण्याऐवजी बिअर. त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि हवामानाचा भरवसा नसतो. कधी ऊन, कधी चक्क बर्फ. मानद राजदूत त्यांचे जगभर शेकडो आहेत. दलाई लामा इथले मानद नागरिक आहेत आणि वस्तीत तिबेट चौक आहे. तुम्हालाही कुणी काही पद देऊ केलं तर स्वीकारा. फक्त घरी कळवताना ‘राजदूत झाले’ एवढंच लिहू नका, आईला खरं वाटतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘उझ्गावेनेस’ येतो. लाकडी मुखवटे घालून लोक रस्त्यावर येतात, धिरडी खातात, ‘हिवाळ्या, अंगणातून पळ’ म्हणून ओरडतात आणि मोरे नावाची मोठी बाहुली जाळतात. होळी अजून यायची असते आणि इथे आगीभोवती बोंबा चाललेल्या असतात. मी दोन वर्षं इथली होळी याच आगीत भागवली.

जूनमध्ये रात्र जेमतेम सात तासांची, तीही अंधारी नसते. डिसेंबरात नेमकं उलट, दिवस सात तासांचा. दुपारी चारला दिवे लागतात. पहिल्यांदा येणाऱ्याने मे ते सप्टेंबर यावं, राहायला येणाऱ्याने नोव्हेंबरात यावं. नोव्हेंबर सोसला तर पुढचं सगळं सोसतं.

आणि नोव्हेंबरात आलात तर २ तारखेला संध्याकाळी बर्नार्डिन दफनभूमीत जा. उझुपिसच्या कडेला, नदीवरच्या उतारावर १८१० साली सुरू झालेली ही जागा. झाडं उंच, थडगी वाकडीतिकडी, नावं बरीचशी पोलिश. त्या दिवशी ‘वेलिनेस’, म्हणजे गेलेल्यांचा दिवस असतो. अंधार पडायच्या आत कुटुंबं येतात, आधी पानं झाडून काढतात, मग काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डबीतली मेणबत्ती लावून ठेवतात. ज्यांचं कुणी उरलेलं नाही त्यांच्या थडग्यावरही कुणीतरी लावून जातं. लहान मुलं हातात डबी धरून ‘इथे नाहीये, इथे लावू?’ असं विचारत फिरतात. कुणी मोठ्याने बोलत नाही. तासाभरात अख्खा उतार उजळून निघतो.

तुम्हीही लावू शकता, कुणी नातं विचारत नाही. डबी फाटकाशी बसलेल्या बायकांकडून घ्या. झाकण घट्ट बसतंय ना ते बघून घ्या. आणि काडेपेटी नको, लायटर न्या. नदीकडून वारा येतो.